वर्गणी कशासाठी?

दिवाळी अंकाच्या पहिल्या पानावर उजेडाचा, आनंदाचा, फार तर महागाईचा विषय येतो. यंदा ही जागा एका धावपटूला दिली आहे. ती इंदूरची नव्हे, वांद्र्याची. तरीही तिची गोष्ट आपल्या शहराने ऐकावी असं वाटतं.

मेरी डिसोझा १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये १०० आणि २०० मीटर धावली. त्या पथकात भारताच्या मुली चारच: धावणाऱ्या मेरी आणि निलिमा घोष, पोहणाऱ्या डॉली नाझीर आणि आरती साहा. आदल्या वर्षी दिल्लीत झालेल्या पहिल्या आशियाई स्पर्धेत मेरीला २०० मीटरमध्ये कांस्य आणि रिलेत रौप्य मिळालं होतं. एवढ्यावर निवड झाली, पण प्रवासखर्चाची सोय काही झाली नाही. मग वांद्र्याच्या मित्रमंडळींनी नाचाचा कार्यक्रम ठेवला, पत्त्यांची स्पर्धा भरवली आणि पैसे उभे केले. मेरी गेली, धावली आणि दोन्ही शर्यतींत पहिल्याच फेरीत बाद झाली.

त्याच हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवलं. त्यांच्या खर्चासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहतं घर गहाण ठेवून ७,००० रुपये दिले, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. अशा हकिकती सांगताना आपला आवाज भरून येतो. माझाही येत असे. अलीकडे मात्र मला त्या ऐकताना थोडी चीड येते. देणाऱ्यांची नव्हे, त्यांनी केलं ते थोरच. चीड येते ती आपण त्या हकिकतीवर इतके खूश असतो याची. घर गहाण पडलं म्हणून खेळाडू पोहोचला, हा शेजारधर्माचा गौरव खरा, पण बाकी व्यवस्थेबद्दल तो काय सांगतो?

त्या वर्षी मेरीच्याच दोन्ही शर्यती ऑस्ट्रेलियाच्या मार्जोरी जॅक्सनने जिंकल्या. १०० मीटर ११.५ सेकंदांत, विश्वविक्रमाची बरोबरी करून. ती काही राजधानीतली लाडावलेली मुलगी नव्हती. तिचं लिथगो हे कोळशाच्या खाणींचं गाव, थंडीत धुक्यात बुडालेलं. प्रशिक्षक मोटारीचे दिवे मैदानाकडे रोखून लावत आणि त्या झोतात ही धावे. लिथगोकरांनीही वर्गणी काढली होती. पण ती कशासाठी? हेलसिंकीला जाण्याआधी पोरीला गवताऐवजी सिंडरच्या ट्रॅकवर, म्हणजे तिथे असेल तशाच जमिनीवर, सराव करता यावा म्हणून त्यांनी गावात ट्रॅक घातला. वांद्र्याची वर्गणी वाटखर्चात गेली, लिथगोची जमिनीत मुरली. दोन्हीकडची माणसं सारखीच चांगली होती. फरक पैसा कधी आला आणि कुठे लागला याचा. लिथगोच्या ट्रॅकमुळेच सुवर्णपदक आलं असं मी म्हणत नाही. पण जॅक्सन गाव सोडून गेल्यावरही तो ट्रॅक गावातच राहिला, पुढच्या पोरींसाठी.

हे इंदूरला कोणी शिकवायला नको. होळकर राजांनी सी. के. नायडूंना इथे आणलं, नोकरी दिली, उत्तम खेळाडू जमवले, मैदान दिलं, आणि मग होळकर संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकला. चषक आल्यावर थैली नव्हे. आधी थैली, मग चषक. शेजारच्या महूत छावणीची मैदानं होती, तिथून किशनलाल आणि शंकर लक्ष्मण यांच्यासारखे हॉकीचे ऑलिंपिकवीर आले. पुढे इंदूरच्याच संध्या अग्रवालने १९८६ साली इंग्लंडविरुद्ध कसोटीत १९० धावा काढल्या. धावांचं कौतुक आम्ही इंदूरकर करतोच. धावण्याचं करतो का? नेहरू स्टेडियम म्हटलं की आज पुष्कळांना आधी मतमोजणी आठवते.

मेरीचं पुढे काय झालं तेही सांगतो, कारण पहिल्या फेरीत हरली म्हणजे संपली असं आपण धरून चालतो. १९५४ साली मनिलाच्या आशियाई स्पर्धेत क्रिस्टिन ब्राउन, स्टेफी डिसोझा, व्हायोलेट पीटर्स आणि मेरी या चौघींनी ४×१०० मीटर रिलेचं सुवर्णपदक आणलं. शिवाय मेरी हॉकीतही देशाकडून खेळली. १९५३ला इंग्लंडमध्ये आणि १९५६ला ऑस्ट्रेलियात. गंमत अशी की त्याच १९५६ साली ऑलिंपिक ऑस्ट्रेलियातच, मेलबर्नला झालं, आणि त्यात भारताची एकच मुलगी धावली, ती मेरी लीला राव. आमची वांद्र्याची मेरी त्या देशात जाऊन आली, पण हॉकी स्टिक घेऊन. सरकारने तिला ध्यानचंद पुरस्कार दिला तो २०१३ साली, वयाच्या ८२व्या वर्षी. महिलांच्या १०० मीटरबद्दल म्हणाल, तर १९८०ला मॉस्कोत पी. टी. उषा धावली, त्यानंतर त्या शर्यतीत भारतीय मुलगी दिसायला २०१६चं रिओ आणि द्युती चंद यावी लागली. मध्ये छत्तीस वर्षं.

जाहिरातदारांचे आभार मानायची जागाही हीच. अंक छापून येण्याआधी पैसे देणारी ही मंडळी आहेत, म्हणून त्यांचं मोल संपादक जाणतो. त्यांच्याच भरवशावर पुढच्या अंकासाठी एक काम हाती घेतो आहोत: इंदूरमध्ये कोणत्या मैदानावर मुलींना धावता येतं, सकाळी फाटक किती वाजता उघडतं, लग्नसराईत आणि निवडणुकीत ते किती दिवस बंद असतं, कपडे बदलायला खोली आहे का, याची वस्तीवार यादी. वाचकांनी आपापल्या भागातली माहिती पोस्टाने किंवा फोनवर कळवावी. संध्याकाळी दिवे किती वाजता बंद होतात तेही लिहा.