प्रूफरीडिंगचे पैसे : एका माजी खजिनदाराचं म्हणणं

या ग्रुपवर मी आतापर्यंत जुन्या बरकतपुऱ्याच्या, चमनच्या, काचीगुड्याहून सुटणाऱ्या गाड्यांच्या आठवणी लिहिल्या. आज जरा वेगळं लिहितोय. काहींना आवडणार नाही, पण लिहितोच.

धाकट्या भावाची सून माहेरची नांदेडची, एम.ए. मराठी. लग्न होऊन इथे आली. मुलगी लहान, त्यामुळे बाहेर नोकरी शक्य नाही. इथे मराठी शिकवण्याच्या जागा तरी कितीशा असणार? म्हणून ती मोबाईलवर घरबसल्या काम शोधत होती. एके दिवशी जाहिरात दिसली : मराठी प्रूफरीडिंग, पानाला ४० रुपये, अनुभवाची गरज नाही. तिने फोन केला. गोड बोलणारी बाई, व्यवस्थित मराठी. १५०० रुपये 'डिपॉझिट', काम पूर्ण झालं की परत. आधारचा फोटो घेतला, करारावर सही घेतली.

काम आलं ते मराठी नव्हतंच. इंग्रजी मजकुराचे धूसर फोटो, ते बघून टाइप करायचे, सहा दिवसांत चारशे पानं. पोरीने रात्री जागून केले. सातव्या दिवशी निरोप : अचूकता ९० टक्क्यांहून कमी भरली, करारभंग झाला, ६००० रुपये भरा, नाहीतर कोर्ट. पाठोपाठ व्हॉट्सअ‍ॅपवर 'लीगल नोटीस', वर तराजूचं चित्र, खाली गोल शिक्का. तिने घरात कोणाला न सांगता ६००० भरले. अकरा दिवसांनी दुसरी नोटीस आली, १२ हजारांची. तेव्हा ती माझ्याकडे आली. म्हणाली, "काका, मला अटक होईल का हो?"

मी उस्मानियाचा बी.कॉम., आयुष्य बँकेत गेलं. सीएआयआयबीच्या परीक्षेला १८७२चा करार कायदा घोकलेला. तिला समोर बसवून सांगितलं, की करारात दंडाचा आकडा छापला म्हणून तो आपोआप देणं लागत नाही. त्याला कोर्टात जावं लागतं, आणि त्या आकड्याच्या आत वाजवी वाटेल तेवढीच भरपाई कोर्ट देतं. हा दिवाणी मामला, यात पोलीस धरून नेत नाहीत. आणि व्हॉट्सअ‍ॅपवरच्या चित्राला समन्स म्हणत नाहीत.

मग १९३० नंबर लावला, सायबरक्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार केली. तक्रार घेतली, पण पैसे केव्हाच पुढे गेले होते. या कामात पहिले काही तास महत्त्वाचे. पैसे एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात पळतात. पळायच्या आत बँकेने अडवले तरच आशा. शरमेने गप्प बसण्यात आमचे अकरा दिवस गेले.

तिने विचारलं, मग खरं काम ओळखायचं कसं? मी म्हटलं, बँकेसारखं. आम्ही गिऱ्हाइकाचं केवायसी करायचो, तू काम देणाऱ्याचं कर. जीएसटी नंबर माग. पंधरा अक्षरांचा असतो, पहिले दोन आकडे राज्याचे : महाराष्ट्र २७, तेलंगणा ३६. पुढची दहा अक्षरं म्हणजे त्याचा पॅन. जीएसटीच्या साइटवर फुकट तपासता येतो. छोट्या प्रकाशकाकडे जीएसटी नसेलही, हरकत नाही. मग त्याची छापलेली पुस्तकं बघ, त्यातल्या एखाद्या लेखकाला फोन कर.

दुसरं, पैशाची दिशा बघ. खरी कंपनी तुझा पॅन मागते, ठराविक रकमेच्या पुढे टीडीएस कापते, त्याचं प्रमाणपत्र देते. कापलेला टीडीएस बघून कोणी खूश होत नाही, पण समोरचा खरा असल्याची ती बऱ्यापैकी खूण आहे. पैसे घ्यायला यूपीआयचा पिन लागत नाही, क्यूआर स्कॅनही करावा लागत नाही. अपवर्कसारख्या जागी बोली पाठवायला थोडे पैसे पडतात हे खरं, पण तो आकडा आधी जाहीर असतो, आणि परत देण्याचं गाजर कोणी दाखवत नाही. 'डिपॉझिट' हा शब्द आला की फोन ठेवायचा. नमुन्यादाखल एखादं पान फुकट तपासून देणं रीतीचं आहे. चाळीस पानांचा 'नमुना' म्हणजे काम लुबाडणं.

इथपर्यंत मी शहाणा होतो. मग ती म्हणाली, "पण काका, खरं काम देतं कोण? आपल्या मंडळींना विचारलं, तर सगळे म्हणतात, एवढं बघून दे ना."

मंडळी, एका मराठी संस्थेचा मी अनेक वर्षं खजिनदार होतो. नाव घेत नाही, तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे. स्मरणिकेच्या खर्चात कागदाचं बिल मी पास केलं, छपाईचं केलं, हाराचं आणि नाश्त्याचंसुद्धा केलं. प्रूफं बघायचे एक निवृत्त मास्तर. एका वर्षी त्यांनी संकोचत रिक्षाभाड्याचं विचारलं, तर मी म्हणालो, "सर, हे तर मराठीच्या सेवेचं काम." ते गप्प बसले. पुढच्या वर्षी डोळ्यांचं कारण सांगून त्यांनी काम सोडलं. माझ्या हिशेबात तेवढी बचत दिसली.

माझं मत असं, की ठगांना गिऱ्हाईक आपण पुरवतो. ज्या कामाला घरच्या मंडळींनी कधी मोल दिलं नाही, त्याला कोणी ४० रुपये म्हटलं की शिकलेली पोरगीसुद्धा हुरळते. आणि काम काय कमी आहे? निवृत्त माणूस उठला की आत्मचरित्र छापतो (मीही त्याच वाटेवर आहे). नांदेड आणि संभाजीनगरच्या विद्यापीठांत मराठीतून प्रबंध होतात, त्यांची भाषा तपासून हवी असते. जुनी पुस्तकं श्रीलिपीतून युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरं तुटतात, ती दुरुस्त करायला मशीन पुरत नाही, माणूस लागतो. पण पैशाचा विषय निघाला की सगळे नातेवाईक होतात.

शिकावं तिलाही लागलं. महामंडळाचे लेखनाचे नियम, १९६२चे चौदा आणि १९७२चे चार, तिला पाठ होते, पण वर्डमध्ये ट्रॅक चेंजेस ठाऊक नव्हते. ते शिकली. अरुण फडके यांचा लेखन-कोश मी आणून दिला. दर ठरवला पानाला ३० रुपये, पान म्हणजे २५० शब्द, अर्धे पैसे आधी. माझ्या एका जुन्या सहकाऱ्याच्या आठवणींचं हस्तलिखित तिला पहिलं मिळालं, ११० पानं. त्याने आधी घासाघीस केली, "अरे, घरचंच काम." मी म्हटलं, तुझ्या पेन्शनचा महागाई भत्ता घरचा म्हणून सोडतोस का? हसला, आणि १६५० पाठवले.

यंदाच्या स्मरणिकेच्या अंदाजपत्रकात 'मुद्रितशोधन' अशी ओळ घाला म्हणून मी कमिटीला पत्र दिलंय. दोघांनी विचारलं, सुनेसाठी का? तिला ते काम देऊ नका, असं पत्रातच लिहिलंय. ओळ मात्र घाला. मास्तर आता नाहीत, त्यांचं रिक्षाभाडं राहिलंच.

ही पोस्ट तिनेच तपासली. चौदा चुका निघाल्या, नऊ ऱ्हस्व-दीर्घाच्या. तीन पानांचे ९० रुपये मी गूगल पे केले. आधी "काका, तुमच्याकडून कसले पैसे" म्हणाली, मग घेतले.