विश्लेषण : किल्लारीत जमीन फाटली, पण माणसे कशामुळे गेली?

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जन आटोपून गावे झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्हा हादरला. तीव्रता सुमारे ६.२, म्हणजे जगाच्या हिशेबात मध्यम. तरीही सुमारे दहा हजार जणांचा बळी गेला.

जमीन का फाटली?

भूगर्भातील खडकांत जुन्या भेगा असतात. त्यांना भ्रंश म्हणतात. दोन्ही बाजूंचा दाब असह्य झाला की एक बाजू दुसरीवर सरकते. मध्यम भूकंपात ही हालचाल बहुधा खोलवरच विरते. किल्लारीचा भूकंप मात्र उथळ होता. त्यामुळे ती वरपर्यंत आली आणि गावाजवळच्या शेतात सुमारे किलोमीटरभर जमीन उचलली गेली. उलट, २००१ मध्ये भूजचा भूकंप ७.७ तीव्रतेचा असूनही तिथे मुख्य भ्रंश जमिनीवर स्पष्ट उमटला नाही. थोडक्यात, भेग दिसली म्हणजे भूकंप मोठा आणि दिसली नाही म्हणजे धोका कमी, असे समीकरण नसते.

मग घरे का कोसळली?

भेग शेतात होती, पण घरे कितीतरी गावांत पडली. कारण हादरा. चिखलात रचलेल्या जाड दगडी भिंती आतून-बाहेरून एकमेकींना बांधलेल्याच नव्हत्या. माळवदावर उन्हापासून बचावासाठी टाकलेले मातीचे थर होते. भिंती फुटल्या आणि हा सारा भार झोपलेल्यांवर आला.

धडा कोणता?

तेव्हाच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या क्षेत्रात होता. २००२ मध्ये ते क्षेत्रच रद्द झाले आणि किल्लारी परिसर तिसऱ्या क्षेत्रात गेला. पण नकाशा बदलला म्हणून भिंत मजबूत होत नाही. दारे-खिडक्यांच्या वर चारही भिंतींना बांधणारा सलग काँक्रीटचा पट्टा, कोपऱ्यांत लोखंडी सळ्या, दगडी भिंतीत आरपार जाणारे लांब दगड आणि हलके छत, हे उपाय गावच्या गवंड्यालाही जमण्यासारखे आहेत. आज पुनर्वसित गावांत कुटुंबे वाढली की जुन्या घराला नवी खोली जोडली जाते. हा पट्टा तिथे वगळला गेला, तर तीन दशकांपूर्वीचा धडा वाया जाईल. भूकंपाची तारीख कोणी सांगू शकत नाही. भिंत कशी बांधायची, हे मात्र ठाऊक आहे. ग्रामपंचायतींनी आणि प्रशासनाने पाहायचे आहे ते इतकेच.