तंबूतले सव्वीस दिवस

मैत्रिणींनो,

या अंकाचा विषय ‘बाई आणि वाट’ असा ठरला, तेव्हा बैठकीत सगळ्यांनी संपादकीय माझ्या गळ्यात घातले. कारण एकच, आमचा तो प्रवास. २०१९ च्या जानेवारीत मी आणि माझा जोडीदार जुनी ओम्नी गाडी आणि दोन माणसांचा तंबू घेऊन सव्वीस दिवस हिंडलो. ताम्हिणी घाट उतरून श्रीवर्धन, हरिहरेश्वर. तिथून बागमांडल्याच्या फेरीबोटीत गाडी घालून वेश्वीला. पुढे केळशी, आंजर्ले, हर्णै, मुरुड. दाभोळची खाडी ओलांडून गुहागर. तवसाळहून जयगड, मग रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ले. आंबोली घाट चढून आजरा, गडहिंग्लजमार्गे परत. सुखाचे दिवस होते, हे आधीच सांगून टाकते. पण त्या सुखाला काही गाठी होत्या. त्या सोडवायला मला बरीच वर्षे लागली.

पहिली गाठ चुलीची. शिबिरांमधून घरकामाच्या वाटणीवर मी किती वेळा बोलले असेन! फळ्यावर बाईचा दिवस आणि पुरुषाचा दिवस मांडून दाखवणारी मी. आणि तंबूत काय झाले? तंबू तो ठोकायचा, गाडीचे हवा-पाणी तो बघायचा. स्टोव्ह माझ्याकडे. डाळ-तांदूळ किती उरले, रॉकेल कुठे मिळेल, ओले कपडे कुठे वाळत घालायचे, हे सगळे माझ्या डोक्यात. कुणी कुणाला काही सांगितले नव्हते. सहाव्या दिवशी गुहागरला मी समुद्राकडे बघत बसले होते, तेवढ्यात मागून हाक आली, “पोहे कुठे ठेवलेस ग?” मी इतकी चिडले की त्याला कळेचना काय झाले ते. पोह्यांची पिशवी त्याच्या पायाशीच होती. घर मागे राहिले, पण स्वयंपाकघर माझ्याबरोबर गाडीत बसून आले होते.

त्या रात्री खूप भांडलो. दुसऱ्या दिवसापासून एक दिवस त्याचा, एक दिवस माझा, असे ठरले. ‘त्याचा दिवस’ म्हणजे काय लागेल ते आठवण्यापासून भांडी घासण्यापर्यंत सगळे त्याचे. त्याला ते जमायला आठवडा लागला. आणि मध्ये बोलायचे नाही, हे जमायला मला त्याहून जास्त दिवस लागले.

दुसरी गाठ पाण्याची. वाटेत मुतारी नाही म्हणून मी पाणीच कमी प्यायचे. तो गाडी थांबवून कुठल्याही झाडामागे जाऊन यायचा. मी अंधार पडण्याची वाट बघायची. रत्नागिरीत लघवीला जळजळ आणि ताप आला, दोन दिवस तंबूत पडून काढले. मुंबईत २०११ पासून बायकांनी ‘राइट टू पी’ची मोहीम चालवली, तेव्हा लोक हसले होते. हसणाऱ्यांनी एकदा बाईच्या शरीराने शंभर किलोमीटर जाऊन बघावे.

तिसरी गाठ सर्वांत अवघड. निम्म्या वाटेवर गाडी मी चालवली. तरी फेरीबोटीचे पैसे घ्यायला माणूस त्याच्या खिडकीशी जायचा. एका गावात रात्री पोलीस आले. त्यांनी चौकशी त्याच्याकडे केली: “या कोण? लग्न झालंय का?” मी समोर उभी असून माझ्याशी कुणी बोलले नाही. राग आला. पण खरे सांगायचे तर त्याच रात्री मला तंबूत शांत झोपही लागली, कारण तो शेजारी होता. म्हणजे मी जे स्वातंत्र्य मिरवत होते, त्याचा परवाना पुरुषाच्या नावावरच होता. एकटी असते, किंवा तुमच्यापैकी कुणाबरोबर असते, तर त्या किनाऱ्यावर तंबू ठोकला असता का? तेव्हा तरी नाही.

आणि परतीच्या वाटेवर गडहिंग्लजच्या पुढे ऊसतोडीची टोळी भेटली. पाणी मागायला गेले होते. बीडकडची माणसे. रांगेने कोप्या, बाहेर तीन दगडांची चूल. आमचा तंबू बघून एक बाई हसली. म्हणाली, “ताई, घर हाय ना तुमाला? मग असं रानात का निजता?” मला उत्तर देता आले नाही. तीही नवऱ्याबरोबर उघड्यावर राहत होती, पण पाच-सहा महिने, पोटासाठी. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. उचल त्या जोडीवर दिलेली, आणि बहुधा पैसे पडतात नवऱ्याच्या हातात. पहाटे उठून भाकरी तिने थापायच्या, दिवसभर मोळ्या तिने वाहायच्या, संध्याकाळी चूलही तिचीच. ‘एक दिवस तुझा, एक दिवस माझा’ हे तिला मी कोणत्या तोंडाने सांगणार होते?

त्याच वर्षी शासनाच्या समितीची पाहणी बाहेर आली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड कामगार स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली होती. पाळीत काम बुडले की खाडा, खाड्याचा दंड. फडात ना पाणी, ना आडोसा. माझे दोन दिवसांचे दुखणे आणि त्यांचे आयुष्यभराचे, मूळ एकाच मातीत आहे. पण दोन्ही सारखी आहेत असे मी म्हणणार नाही. मी गाडीत बसून दवाखान्यात जाऊ शकत होते.

बाईला प्रवास नवा नाही. पंडिता रमाबाई लहानपणापासून आईवडिलांबरोबर देशभर पायी हिंडल्या. आईवडील १८७४ मध्ये गेल्यावरही त्यांची पायपीट थांबली नाही. हर्णैच्या बंदरावर मासळीची पाटी घेऊन गावोगाव निघणाऱ्या कोळणी आम्ही रोज पाहिल्या. वारीत बायका शेकडो मैल चालतात. बाई कामासाठी निघाली, देवासाठी निघाली, तर वाट मोकळी. स्वतःसाठी निघाली की मात्र ‘कशाला?’ हा प्रश्न आडवा येतो.

गेल्या हिवाळ्यात तोच तंबू घेऊन गटातल्या आम्ही चौघी दोन रात्री आंजर्ल्याला राहून आलो. पहिल्या रात्री कुणीच झोपले नाही. दुसऱ्या रात्री चौघीही झोपलो. एवढेच, पण मला ते सव्वीस दिवसांपेक्षा मोठे वाटते.

तुमच्या पुढच्या बैठकीत एक प्रश्न जरूर विचारा. लग्न, मयत, बाळंतपण आणि देवदर्शन सोडून तुम्ही घराबाहेर शेवटची रात्र कधी काढलीत? ऊसतोडीला जाणाऱ्या मैत्रिणी तुमच्या गटात असतील तर त्यांना मात्र दुसरे विचारा: घरात निवांत शेवटची रात्र कधी काढलीत? दोन्ही उत्तरे आम्हाला लिहून पाठवा. पुढच्या अंकात त्यांच्यासाठी पाने राखून ठेवली आहेत.

सस्नेह,
संपादक मंडळासाठी, तुमचीच एक मैत्रीण