कोटेशन खालून वर वाचा

कॉम्प्युटरच्या दुकानात मिळणारं कोटेशन तुम्ही कधी नीट पाहिलंय? मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचं असो, नाहीतर तालुक्याच्या एसटी स्टँडमागच्या दुकानातलं, क्रम ठरलेला. पहिल्या ओळीत प्रोसेसर, अगदी ऐटीत. मग मदरबोर्ड, रॅम, एसएसडी. आणि तळाशी, बेरजेच्या रेघेला चिकटून एक बिचारी ओळ असते, "कॅबिनेट विथ एसएमपीएस". कंपनीचं नाव नाही, वॉटेज असलं तर असलं. घासाघीस सुरू झाली की पहिली कात्री लागते ती याच ओळीला. माझं म्हणणं एवढंच आहे, की घरी आठ-दहा वर्षं चालवायचा कॉम्प्युटर घेणार असाल तर हा कागद खालून वर वाचा.

हॉस्टेलवर लॅपटॉप ठीक आहे, चार वर्षांत त्याचं जे व्हायचं ते होतं. घरचं गणित वेगळं. आपल्यातल्या बहुतेकांच्या घरी कॉम्प्युटर एकदाच येतो. सोयाबीनचे पैसे आले, आईची भिशी लागली, पतसंस्थेचं कर्ज मंजूर झालं, की मग येतो. धाकटी बहीण नववीत असताना आलेला डबा तिच्या डिग्रीपर्यंत पुरायला हवा. मध्येच तो बसला तर दुसरा यायला वर्ष-दोन वर्षं जातात. आणि घरातला इंजिनीअर म्हणून पार्ट निवडायची जबाबदारी येते आपल्यावर, मग आपण मेकॅनिकलचे का असेना!

आमच्या विंगमधल्या एकाच्या घरी हेच झालं. प्रोसेसर झकास, रॅम भरपूर, रंगीत दिवे लावलेलं काचेचं कॅबिनेट, आणि पॉवर सप्लाय कॅबिनेटबरोबर "फ्री". दुसऱ्या उन्हाळ्यात मशीन आपोआप रीस्टार्ट व्हायला लागलं. दुकानदाराने विंडोजवर खापर फोडून तीनदा फॉरमॅट मारलं, तिन्ही वेळचे पैसे घेतले. बहिणीचा सीईटीचा फॉर्म शेवटच्या दिवशी अर्ध्यावर गेला आणि ती पोरगी महा ई-सेवा केंद्राच्या रांगेत संध्याकाळपर्यंत उभी. दोष निघाला त्या फुकटच्या डब्यात. सुट्टीत मी मल्टिमीटर लावून पाहिलं, लोड आला की बारा व्होल्टची लाइन खाली बसत होती.

आता जरा सेकंड इयरचं इलेक्ट्रॉनिक्स आठवा. कॉम्प्युटरमध्ये आधी मरतं काय? प्रोसेसर शक्यतो मरत नाही. अपवाद आहेत, इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये जास्त व्होल्टेजमुळे बिघाड होत असल्याचं २०२४मध्ये समोर आलं आणि कंपनीला वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली. पण एरवी जुन्या मशीनमधून काढलेला प्रोसेसर दुसऱ्या बोर्डात बसवला की चालतो. मरतात ते पंखे, हार्डडिस्क आणि इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. त्यातला कपॅसिटर हा पॉवर सप्लायचा प्राण. त्याच्या आतलं द्रव उष्णतेने हळूहळू सुकतं. ढोबळ नियम असा, की तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं, १० अंशांनी उतरलं की दुप्पट.

हिशेब करून बघा, व्हायव्हातही उपयोगी पडेल. कपॅसिटरवर लिहिलंय १०५ अंश, २००० तास. आतलं तापमान धरूया ६५ अंश. फरक ४० अंशांचा, म्हणजे चार वेळा दुप्पट, म्हणजे ३२,००० तास. घरी रोज सहा तास मशीन चालत असेल तर साडेचौदा वर्षं झाली. त्याच जागी ८५ अंशांचा तितक्याच तासांचा कपॅसिटर असेल तर फरक फक्त २० अंशांचा, आयुष्य ८००० तास, म्हणजे साडेतीन-पावणेचार वर्षं. एका कपॅसिटरमागे दोन-चार रुपये वाचवले की बनवणाऱ्याचा माल स्वस्त होतो, आणि आपल्याला बाहेरून काहीच कळत नाही. सरांना विचारा, २००० नंतरच्या काही वर्षांत खराब इलेक्ट्रोलाइटच्या कपॅसिटरची जगभर साथच आली होती. वरून फुगलेले, तपकिरी द्रव गळणारे कपॅसिटर घेऊन ढिगाने मदरबोर्ड भंगारात गेले. लॅबच्या कपाटात त्यातला एखादा अजून सापडेल.

मग पॉवर सप्लाय ओळखायचा कसा? वॉटच्या आकड्यावर जाऊ नका. डब्याच्या बाजूचं लेबल वाचा. आजचं मशीन जवळजवळ सगळी पॉवर बारा व्होल्टच्या लाइनवरून ओढतं. लेबलावर "४५० वॅट" छापलंय आणि बारा व्होल्टसमोर १८ अँपिअर, तर कामाचे वॅट झाले २१६. बाकीचे आकडे शोभेचे. ८० प्लसचं चिन्ह असलं तर चांगलंच, पण २००४मध्ये सुरू झालेली ती योजना कार्यक्षमता मोजते, टिकाऊपणा नाही. मी सगळ्यात जास्त विश्वास ठेवतो वॉरंटीच्या वर्षांवर. जो बनवणारा पाच-सात वर्षं लेखी देतो, त्याने आत काय भरलंय हे त्याला माहीत असतं. ग्राफिक्स कार्ड नसलेलं घरगुती मशीन पूर्ण जोरात चाललं तरी दीडशे वॅटच्या आसपास घुटमळतं, म्हणून ४५० वॅटचा प्रामाणिक डबा भरपूर झाला. एकूण बजेटच्या शंभर रुपयांतले दहा-बारा त्याला द्या आणि खुशाल द्या.

पॉवर सप्लाय कितीही चांगला घेतला तरी भिंतीतून काय येतंय? गावाकडच्या कित्येक घरांत तीन पिनच्या सॉकेटचं वरचं मोठं भोक नुसतं दाखवायला असतं, मागे वायरच नसते. कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात तो अनुभव बऱ्याच जणांना असेल. ते मशीन "लीक" नसतं. एसएमपीएसच्या तोंडाशी फिल्टर असतो, त्यातले दोन छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल या दोन्हींकडून कॅबिनेटच्या पत्र्याला जोडलेले असतात. अर्थिंग नसलं की पत्रा मधोमध लटकतो, म्हणजे २३०च्या निम्म्यावर, ११५ व्होल्टच्या आसपास. करंट अगदी थोडा असल्यामुळे झिणझिण्यांवर भागतं. पण उद्या आतमध्ये खरोखर फेजची तार पत्र्याला लागली तर वाचवायला कुणी नसतं. त्यामुळे मशीन यायच्या आधी वायरमनला बोलावून अर्थिंग तपासा, नसेल तर खड्डा करून घ्या. हा खर्च कोटेशनमध्ये कधीच नसतो, मी तो पहिल्या ओळीत लिहायला लावतो. आणि तीन पिनचा प्लग दोन पिनमध्ये घुसवणारा तो अ‍ॅडाप्टर कृपया घरात आणूच नका.

यूपीएस घ्याच, पण साध्या ६०० व्हीएच्या यूपीएसमधली बारा व्होल्ट, सात अँपिअर-अवरची बॅटरी दोन-तीन वर्षांत संपणार हे धरून घ्या. दहा वर्षांत तीन-चार बॅटऱ्या. घरच्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर "यूपीएस गेला" म्हणून अख्खा डबा भंगारवाल्याला दिला जातो.

तळापासून वर आलो की मदरबोर्ड. इथे टिकणं म्हणजे नुसतं न जळणं नव्हे, पुढे त्याच्यावर काय बसू शकतं तेही आलं. दोन उदाहरणं देतो. एएमडीचे पहिले रायझेन २०१७च्या मार्चमध्ये एएम-फोर सॉकेटवर आले. २०२२मध्ये त्याच सॉकेटवर ५८००एक्स-थ्रीडी आला आणि बायॉस अपडेट करून तो सुरुवातीच्या कित्येक बोर्डांवरही चालला. पाच वर्षांनी नुसता प्रोसेसर बदलायचा, बाकी घर तसंच. उलट २०१७च्याच ऑक्टोबरमध्ये इंटेलची आठवी पिढी आली, पिना मोजून तेवढ्याच, ११५१, पण आदल्या वर्षीच्या बोर्डावर चालायला तयार नाही! नवा बोर्ड घ्या. मी कुठल्या कंपनीचा झेंडा घेऊन उभा नाही, पण घेताना विचारा की या सॉकेटवर अजून काही येणार आहे का. एएम-फाइव्ह २०२२मध्ये आला आणि त्याला २०२७पर्यंत तरी सांभाळायचा शब्द एएमडीने दिलाय. शब्दच आहे, पण इतरांनी तोही दिलेला नाही.

बोर्ड सगळ्यात स्वस्तातला नको, त्याच्या एक पायरी वरचा. प्रोसेसरला पॉवर देणाऱ्या भागावर अ‍ॅल्युमिनियमचा हीटसिंक आहे का एवढं बघितलं तरी पुष्कळ. मागे वाय-फाय, पुढे दिवे, मधे ड्रॅगनचं चित्र, यांचे पैसे वाचवा.

सॉफ्टवेअरनेही मशीन म्हातारं होतं, हे मात्र आपण विसरतो. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० लागतं आणि इंटेल असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. २०१६ साली घेतलेली धडधाकट मशीन्स एका तारखेला कागदोपत्री निकालात निघाली. त्यांच्यावर लिनक्स छान चालतं, मी दोन घरांत बसवून दिलंय. एका घरी काका आठवड्यात रुळले, दुसऱ्या घरी टॅलीवरून भांडण झालं.

रॅमचं काय बोलणार! डेटा सेंटरवाल्यांच्या मागणीने २०२५च्या अखेरीस भाव असे भडकले की पट्टी घ्यावी की सोनं असा प्रश्न पडावा. त्याच डिसेंबरमध्ये मायक्रॉनने क्रुशल नावाने ग्राहकांना रॅम विकणं बंद करण्याचं जाहीर केलं. मी सध्या सांगतो, १६ जीबीची एकच पट्टी घ्या आणि दुसरा स्लॉट मोकळा ठेवा. दोन पट्ट्यांनी अंगभूत ग्राफिक्सचा वेग वाढतो हे खरं, गेम खेळणारे मला फाडून खातील, पण घरी चालणार यूट्यूब, एक्सेल आणि बहिणीचं पायथन. भाव उतरले की दुसरी लावता येईल.

एसएसडीची भीती उगाच आहे. ५०० जीबीच्या कित्येक टीएलसी एसएसडींवर ३०० टेराबाइट लिहिण्याची हमी असते. रोज २० जीबी लिहिलं तरी वर्षाला ७.३ टेराबाइट, चाळीस वर्षं लागतील. घरात एवढं कोण लिहितंय? एसएसडी जाते ती बहुधा कंट्रोलर अचानक बसल्यामुळे, आणि तेव्हा हार्डडिस्कसारखी कुरकुरून पूर्वसूचना देत नाही. त्यामुळे लग्नाचे फोटो आणि सातबाऱ्याचे स्कॅन बाहेरच्या डिस्कवर महिन्याला एकदा उतरवा.

राहता राहिला प्रोसेसर, म्हणजे कोटेशनची पहिली ओळ. अंगभूत ग्राफिक्सवाला, ६५ वॅटचा, सहा कोरचा, चालू किंवा आदल्या पिढीतला. झालं! वाचलेल्या पैशात मॉनिटर चांगला घ्या, तो दोन कॉम्प्युटरांना पुरतो. पाण्यावरचा कूलर घरी नको, त्याचा पंप मेला की तालुक्यात कुणाला हात लावता येत नाही. पंखा कुठेही मिळतो.

आमचे काही मित्र म्हणतात, एवढं डोकं लावण्यापेक्षा कंपन्यांनी काढून टाकलेलं जुनं ऑफिस मशीन घ्या आणि चार वर्षांनी फेका. यात तथ्य आहे. बजेट अगदीच तुटपुंजं असेल तर फुकट एसएमपीएसवाल्या नव्या मशीनपेक्षा आठव्या पिढीच्या पुढचं ब्रँडेड जुनं मशीन केव्हाही बरं. अडचण एकच, यातल्या बऱ्याच डब्यांत पॉवर सप्लाय आणि बोर्ड त्यांच्या खास मापाचे असतात. एक गेला की बाजारातला साधा बसत नाही. म्हणून घेण्याआधी झाकण उघडून बोर्डाच्या पॉवर कनेक्टरच्या पिना मोजा. नेहमीचा २४ पिनचा नसेल तर भाव आणखी पाडा, नाहीतर सोडा.

आणि बिल. दुकानदार "जीएसटीशिवाय दोन हजार कमी" म्हणेल. नको. प्रत्येक पार्टचा सीरियल नंबर लिहिलेलं पक्कं बिल घ्या, कारण वॉरंटी त्या नंबरवर मिळते. सर्व्हिस सेंटर बहुधा पुण्या-मुंबईला असणार, तेव्हा खोकी माळ्यावर ठेवा, पार्ट पाठवताना लागतात. बिलाचा मात्र घरी पोचल्या पोचल्या फोटो काढून स्वतःलाच मेल करून ठेवा. ते थर्मल कागदावर छापलेलं असतं, आणि सात वर्षांच्या वॉरंटीचं ते बिल दोन उन्हाळ्यांत कोरं होतं.