वय वर्षे १५

वीकेण्डला काय बघायचं, हा प्रश्न शुक्रवारी लंचटाइमला हमखास निघतो. या वेळचं आमचं उत्तर : 'अटॅक द ब्लॉक'. जो कॉर्निशचा २०११चा ब्रिटिश सिनेमा. फुल्टू टाइमपास, पण नुसताच टाइमपास नाही.

लोकेशन दक्षिण लंडन, सरकारी घरांचा एक टॉवर. आकाशात दारूकाम चाललंय, आणि त्यातूनच एलियन्स कोसळतात. काळेकुट्ट, केसाळ, डोळेच नाहीत; अंधारात चमकतात ते फक्त दात. यांच्याशी भिडणार कोण? पोलीस? छे! सायकली आणि फटाके घेऊन निघालेली शाळकरी वयाची पाच पोरं.

लोचा असा, की सुरुवातीलाच ही पोरं एका शिकाऊ नर्सला चाकू दाखवून लुटतात. खुद्द कॉर्निशलाही पोरांनी असंच लुटलं होतं. त्यावरून त्याला सूडाचा सिनेमा काढता आला असता. त्याने त्या पोरांच्या घरात डोकावून पाहिलं.

पुढे ती नर्स टोळीच्या म्होरक्याच्या, मोझेसच्या खोलीत शिरते. बिछान्यावर स्पायडरमॅन! तिला वाटतं, याचा धाकटा भाऊ असणार. पण भाऊबिऊ कुणी नाही. मोझेसच १५ वर्षांचा आहे. हा रोल केलाय जॉन बोयेगाने. त्याचा हा पहिलाच सिनेमा. २०१५ साली तो 'स्टार वॉर्स'मध्ये झळकला.

रात्री टोळकं दिसलं की आपण बॅग घट्ट धरतो. जरूर धरा. लूट ती लूटच, सिनेमाही तिची किंमत मोझेसकडून वसूल करतो. फक्त त्यातल्या एखाद्याचं वय काय असेल, एवढं मनात येऊ द्या.