अंतराळात हाडं का झिजतात? त्यातून तुमच्या-आमच्या हाडांबद्दल काय कळतं?

१९ मार्च २०२५ च्या पहाटे भारतात अनेक जण मोबाइलवर एकच दृश्य बघत होते. सुनीता विल्यम्स यांचं यान फ्लोरिडाजवळच्या समुद्रात उतरलं होतं. साधारण आठ दिवसांची मोहीम २८६ दिवस लांबली होती. बाहेर आल्यावर त्यांना स्ट्रेचरवरून नेलं, तो व्हिडिओ लगेच व्हायरल झाला.

स्ट्रेचर ही नेहमीची खबरदारी असते. बिघडलेला तोल काही दिवसांत सावरतो. खरी चिंता व्हिडिओत न दिसणाऱ्या हाडांची असते.

नेमकं काय होतं?

हाड म्हणजे निर्जीव खांब नव्हे. त्यात रोज पाडकाम आणि बांधकाम चालू असतं. ऑस्टिओक्लास्ट पेशी जुनं हाड खरवडून काढतात, ऑस्टिओब्लास्ट पेशी तिथे नवं भरतात. सुमारे दहा वर्षांत जवळजवळ सगळा सांगाडा नवा होतो.

कुठे किती बांधायचं, हे ठरतं हाडावर पडणाऱ्या भारावरून. चालताना, जिना चढताना, वजन उचलताना हाडाला किंचित ताण बसतो. आतल्या पेशी तो ओळखतात आणि बांधकामाचा निरोप देतात.

अंतराळात शरीराचा भार पायांवर पडतच नाही. मग पाडकाम पुढे जातं. कंबर आणि खुब्याच्या हाडांची घनता महिन्याला साधारण १ ते १.५ टक्के कमी होते. म्हणूनच अंतराळ स्थानकात रोज सुमारे दोन तास व्यायाम करावा लागतो. तरीही २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १७ पैकी ९ अंतराळवीरांच्या नडगीचं हाड परतल्यावर वर्षभरानेही पूर्ववत झालं नव्हतं.

मग पृथ्वीवर हाडं का ठिसूळ होतात?

हाडांची पुंजी साधारण तिशीपर्यंत जमा होते, नंतर खर्च सुरू होतो. स्त्रियांमध्ये इस्ट्रोजेन हे संप्रेरक पाडकामाला लगाम घालतं. पाळी थांबल्यावर ते घटतं आणि झीज वेगाने वाढते. सततचं बैठं काम, धूम्रपान, दारू आणि दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड्स यांनी त्यात भर पडते.

अडचण अशी, की ही झीज दुखत नाही. बाथरूममध्ये पाय घसरतो, मनगट किंवा खुबा मोडतो, तेव्हा कुठे घरात कळतं.

फक्त कॅल्शियमची गोळी पुरते का?

नाही. कॅल्शियम हा कच्चा माल. तो नाचणी, तीळ, दूध, दह्यातून मिळतो. आतड्यातून तो शोषला जायला ड जीवनसत्त्व लागतं. ते त्वचेत उन्हामुळे तयार होतं, पण दिवसभर ऑफिसात किंवा घरात राहणाऱ्यांना ते कमी पडू शकतं. आणि माल आला तरी बांधकामाचा निरोप द्यायला हालचाल हवीच. पोहणं आणि सायकलिंग हृदयासाठी उत्तम, पण हाडांवर त्यात भार कमी पडतो. त्यासाठी भरभर चालणं, जिने चढणं, वजनाचे व्यायाम जास्त उपयोगी.

तपासणी कोणी करावी?

डेक्सा स्कॅनमध्ये हाडांची घनता मोजतात. टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याहून खाली असेल, तर त्याला ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. पाळी लवकर थांबली असेल, उंची कमी झाली असेल किंवा साध्या पडण्याने हाड मोडलं असेल, तर डॉक्टरांना या तपासणीबद्दल जरूर विचारावं. आईचं प्लास्टर निघालं म्हणजे विषय संपला, असं समजू नये. पुढचं फ्रॅक्चर टाळायचं, तर तपासणीची खरी वेळ तीच असते.