व्हिसा जातो तो कोर्टातच

भिवंडीच्या दंडाधिकारी न्यायालयात, आणि राज्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या न्यायालयात, किरकोळ खटल्यांचा शेवट बहुधा ठरलेला असतो. आरोपी गुन्हा कबूल करतो, न्यायालय दंड सुनावते आणि पावती खिशात टाकून माणूस कामावर परततो. जुगाराच्या धाडीत सापडलेला असो, गल्लीतल्या हाणामारीत नाव गोवलेला असो की दारू पिऊन दुचाकी चालवताना नाकाबंदीत अडकलेला असो, वकिलापासून घरच्यांपर्यंत सगळे एकच सांगतात: कबूल करून टाक, दंड भर, मोकळा हो. यंत्रमागावर बारा तासांची पाळी करणाऱ्याला दर तारखेला खाडा परवडत नाही, म्हणून सल्ला व्यवहाराचाच आहे. मात्र कबुलीनंतर कागदावर जी नोंद होते ती दोषसिद्धीची असते, आणि तिला मुदत नसते. दहा-पंधरा वर्षांनी हाच माणूस आखातातल्या नोकरीसाठी किंवा कॅनडातल्या मुलीकडे जाण्यासाठी अर्ज भरतो, तेव्हा 'तुम्हाला कधी शिक्षा झाली आहे का' या प्रश्नाशी थबकतो. मग एजंट गाठायचा, ओळख काढायची, असे उपाय सुरू होतात. व्हिसा नाकारला जातो परदेशी वकिलातीत, पण तो हातचा गेलेला असतो त्या दंडाच्या दिवशीच. दुरुस्ती करायची तर ती न्यायालयातच करायला हवी, असे माझे म्हणणे आहे.

परदेशी अधिकारी आपल्या शिक्षेकडे आपल्या नजरेने पाहत नाहीत, हे आधी समजून घेतले पाहिजे. दारू पिऊन गाडी चालवण्याला आपल्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही आहे, आणि बहुतेक प्रकरणे दंडावर मिटतात. कॅनडा मात्र असा विचार करतो, की हेच कृत्य आमच्याकडे घडले असते तर कमाल शिक्षा किती होती? डिसेंबर २०१८ पासून ती दहा वर्षे आहे. म्हणजे आपल्याकडचा दंडाचा गुन्हा तिथे गंभीर गुन्ह्यांच्या यादीत जातो, आणि शिक्षा भोगून दहा वर्षे उलटली की माणूस आपोआप सुधारला असे मानण्याची तिथली सवलतही त्याला मिळत नाही. रीतसर अर्ज करावा लागतो. ऑस्ट्रेलियाची आणि ब्रिटनची रेघ बारा महिन्यांच्या कैदेवर ओढलेली आहे. जपानमध्ये एक वर्ष किंवा त्याहून अधिक कैदेची शिक्षा झालेल्याला प्रवेशबंदी आहे, मग ती शिक्षा कितीही जुनी असो.

भिवंडीत याला एक खास स्थानिक पदर आहे, तो वीजचोरीचा. गळती आणि चोरी हाताबाहेर गेली म्हणूनच जानेवारी २००७ मध्ये इथले वीजवितरण टोरंट पॉवर या खासगी कंपनीकडे फ्रँचायझी पद्धतीने सोपवण्यात आले. वीज कायदा, २००३ च्या कलम १३५ मध्ये चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. अमेरिकेत चोरी हा साधारणपणे नैतिक अधःपतनाचा गुन्हा मानतात. एकुलत्या एका किरकोळ गुन्ह्याला तिथे सूट आहे, पण त्यासाठी त्या गुन्ह्याची कायद्यातली कमाल शिक्षा एक वर्षापेक्षा जास्त नसावी लागते. न्यायाधीशाने फक्त दंड केला होता, हे सांगून भागत नाही. कलमातली तीन वर्षे आड येतात. गंमत अशी, की याच कायद्याच्या कलम १५२ मध्ये ठरलेली रक्कम भरून प्रकरण आपसात मिटवण्याची सोय आहे आणि तसे मिटले की ती निर्दोष सुटका मानली जाते. ही संधी एकदाच मिळते. दोन्ही वाटांनी पैसेच भरायचे, पण एका वाटेने माणूस गुन्हेगार ठरतो आणि दुसरीने नाही. दोन कारखाने असलेल्या मालकाला हा फरक त्याचा वकील सांगतो. घरात दोन माग टाकलेल्याला कोण सांगणार?

आपला स्वतःचा पासपोर्ट कायदा तुलनेने उदार आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. १९६७ च्या या कायद्याचे कलम ६(२)(ई) जुन्या शिक्षेमुळे पासपोर्ट नाकारू देते, पण तीन अटींवर: गुन्हा नैतिक अधःपतनाचा हवा, कैद किमान दोन वर्षांची हवी आणि शिक्षा अर्जाआधीच्या पाच वर्षांतली हवी. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये, शिक्षेविरुद्धचे अपील प्रलंबित असलेल्या एका अर्जदाराच्या बाबतीत, याच अटींवर बोट ठेवून नूतनीकरणाचा आदेश दिला. दंड भरलेल्या माणसाला पासपोर्ट मिळण्यात कायद्याची आडकाठी नाही. खरी आडकाठी पुढच्याच उपकलमात आहे. फौजदारी न्यायालयात खटला प्रलंबित असेल तर पासपोर्ट नाकारता येतो, आणि इथे ना शिक्षेची अट, ना वर्षांची. नुसत्या एफआयआरने ही अडचण येत नाही. न्यायालयाने दखल घेतली की येते. तेव्हा न्यायालयाची परवानगी आणावी लागते. १९९३ च्या अधिसूचनेनुसार परवानगीत मुदत लिहिलेली नसेल तर पासपोर्ट एकाच वर्षाचा मिळतो. अनेक देश पासपोर्टची किमान सहा महिने मुदत शिल्लक मागतात, म्हणजे त्यातले निम्मे वर्ष वायाच. ज्यांच्यावर भिवंडीतही मानहानीचा खटला आहे त्या राहुल गांधींना खासदारकी गेल्यावर मे २०२३ मध्ये साध्या पासपोर्टसाठी दिल्लीच्या न्यायालयात जावे लागले. नॅशनल हेराल्ड प्रकरण प्रलंबित होते, आणि मागितलेल्या दहा वर्षांऐवजी तीन वर्षांची ना हरकत मिळाली. वकिलांची फौज दिमतीला असलेल्या नेत्याची ही गत, तर दंगलीच्या खटल्यात जमावातला एक म्हणून नाव आलेल्या विणकराचे काय, हे वेगळे सांगायला नको.

परिणाम असा, की गुन्हा कबूल केलेल्याला पासपोर्ट मिळतो आणि निर्दोष असल्याचे सांगत वर्षानुवर्षे तारखा खाणाऱ्याला परवानगीसाठी हात जोडावे लागतात. इथला कायदा माणसाला कबुलीकडे ढकलतो आणि परदेशातला कायदा त्याच कबुलीबद्दल त्याला दारातून परत पाठवतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: खटला असलेल्यांना मोकळे सोडले तर ते पळून जातील. पण मोठे पळालेले आठवून पाहा. नीरव मोदी १ जानेवारी २०१८ ला देशाबाहेर गेला. बँकेची तक्रार त्यानंतर आली. मल्ल्या मार्च २०१६ मध्ये गेला तेव्हा खासदार होता आणि राजनैतिक पासपोर्ट त्याच्याकडे होता. ज्याला पळायचे असते तो न्यायालयाने दखल घेण्याची वाट पाहत नाही. पळण्याची शंका असलेल्यासाठी लुकआउट सर्क्युलर आहे, जामिनाच्या अटी आहेत. १९७८ च्या मनेका गांधी निकालाने परदेशी जाण्याचा हक्क व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग ठरवला. तो सरसकट अडवण्यापेक्षा माणूस पाहून अडवावा. बलात्कार, खून, मानवी तस्करी यांच्या शिक्षा विसरल्या जाव्यात असे कोणी म्हणत नाही, मीही नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. कबुलीचे परिणाम सांगत बसले तर लोक कबूल करणार नाहीत, खटले लढतील, आधीच तुंबलेली न्यायालये आणखी तुंबतील. हे काही अंशी खरे होईल. पण वीज कायद्यातल्यासारखी तडजोडीची वाट अनेक कलमांत उपलब्ध आहे, आणि १९५८ चा परिवीक्षा कायदा तर दंडाधिकाऱ्याला समज देऊन किंवा चांगल्या वर्तनाच्या हमीवर सोडण्याचा अधिकार देतो. त्याचे कलम १२ सांगते, की अशा माणसाला दोषसिद्धीमुळे येणारी कायदेशीर अपात्रता लागणार नाही. घाईत कबुली घेणे सोपे पडते म्हणून हे मार्ग धूळ खात राहतात. न्यायालयाचा वेळ वाचवण्याची किंमत एका गरीब माणसाने आयुष्यभर मोजावी, हा सौदा मला पटत नाही.

यात नवे काही नाही, सर्वोच्च न्यायालयाने हे १९९६ मध्येच पाहिले होते. हरियाणातल्या एका चतुर्थ श्रेणी कर्मचाऱ्याने अश्लील वर्तनाच्या किरकोळ आरोपात कबुली देऊन वीस रुपये दंड भरला होता आणि त्यापायी नोकरी गमावली होती. न्यायालयाने त्याला दिलासा दिला आणि दोन हजार रुपयांपर्यंतच्या दंडाच्या शिक्षेला कुठल्याच कामासाठी दोषसिद्धी मानू नये, असा कायदा संसदेने करावा, असे सुचवले. तो कायदा आजही झालेला नाही. ब्रिटनमध्ये १९७४ पासून ठरावीक काळानंतर जुनी शिक्षा संपली असे मानणारा कायदा आहे. आपल्याकडे अशी पाटी कोरी होते ती बालन्याय कायद्याखाली, अल्पवयीनांचीच.

असा कायदा झाला तरी तो अमेरिकेवर बंधनकारक नसेल, हे मान्य केले पाहिजे. पुसून टाकलेली शिक्षाही तिथे बहुधा मोजतात. शिवाय तिथे खोटे उत्तर दिले तर कायमची बंदी येऊ शकते, ब्रिटनमध्ये दहा वर्षांची. 'नाही' वर टिक करा म्हणणारा एजंट अर्जदाराला मूळ गुन्ह्यापेक्षा मोठ्या खड्ड्यात घालतो. म्हणूनच मी उपाय न्यायालयात शोधतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये पडिला खटल्यात ठरवले, की कबुलीमुळे हद्दपारी ओढवू शकते हे परदेशी अशिलाला सांगणे वकिलाचे कर्तव्य आहे. आपल्याकडे तालुका विधी सेवा समित्या आहेत, लोकअदालती भरतात. कबुली नोंदवण्याआधी आरोपीला मराठीत, हिंदीत आणि भिवंडीसारख्या गावात उर्दूतही एक कागद वाचून दाखवावा: ही दोषसिद्धी आहे, पासपोर्टवर आणि व्हिसावर तिचा असा परिणाम होईल, तडजोड किंवा परिवीक्षा हे पर्याय तुम्हाला आहेत. त्यावर त्याची सही घ्यावी आणि विचाराला एक तारीख द्यावी. त्यासाठी संसदेची वाट पाहायची गरज नाही. उच्च न्यायालयाचे एक परिपत्रक पुरेल.